औषधांना न जुमानणारा अपस्मार आणि मेंदूच्या प्रतिमा



अपस्मार, म्हणजेच आपल्या बोलीतील फेफरे किंवा फिट, हा मेंदूतील विद्युत्-लहरींच्या अकस्मात उसळीमुळे होणारा विकार आहे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे. बहुतेकांचे झटके गोळ्यांनी आटोक्यात येतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे मात्र येत नाहीत. योग्य अशी दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके चालूच राहिले, तर तो औषधरोधी अपस्मार होय, अशी व्याख्या २०१० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-संघटनेने केली. तिसरे, चौथे, पाचवे औषध बदलण्यात वर्षे घालविण्याऐवजी या टप्प्यावर शस्त्रक्रियेसाठी तपासणी व्हावयास हवी.

मेंदूची शस्त्रक्रिया म्हणताच धास्ती वाटते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला. झटके कमी झाले. परंतु नवी आठवण साठविण्याची शक्ती कायमची गेली. कोणता भाग कोणते कार्य करतो, याचे ज्ञान तेव्हा अपुरे होते आणि जिवंत मेंदूची सूक्ष्म रचना दाखविणारे साधनही नव्हते.

आज एम.आर.आय.मध्ये आक्रसलेला, अधिक उजळ दिसणारा हिप्पोकॅम्पस ओळखता येतो. मात्र त्यासाठी अपस्माराकरिता ठरविलेल्या पद्धतीने पातळ छेद घ्यावे लागतात आणि ते जाणकार नजरेने वाचावे लागतात. घाईने काढलेल्या साध्या चित्रावरचा ‘नॉर्मल’ हा शेरा अखेरचा समजू नये. पेट स्कॅनमध्ये, दोन झटक्यांच्या मधल्या काळात, रोगट भाग साखर कमी ओढताना दिसतो. फंक्शनल एम.आर.आय.मध्ये रुग्णास मनातल्या मनात शब्द जुळविण्यास सांगतात आणि भाषेचे केंद्र कोणत्या बाजूस आहे ते पाहतात. मज्जातंतूंच्या मार्गांचाही नकाशा काढता येतो. कारण दृष्टीचे काही तंतू कानशिलामागील खंडातून वळसा घेऊन जातात व ते दुखावल्यास नजरेचा वरचा एक कोपरा हरपतो. तथापि केवळ चित्रावरून शस्त्रक्रिया होत नाही. दिसलेला डाग निरुपद्रवीही असू शकतो. झटका तेथूनच उगम पावतो का, हे व्हिडिओ-ई.ई.जी.शी ताडून पाहावे लागते.

दिल्लीच्या ‘एम्स’मधील ११६ मुलांवरील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एक वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले झटकामुक्त होती, केवळ औषधांवरील ७ टक्के. त्याचबरोबर शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना गंभीर त्रास झाला, त्यात अंगाच्या एका बाजूची दुर्बलता हा प्रमुख होता. ही दुसरी बाजूही पालकांसमोर ठेवलीच पाहिजे.

विलंबाचे एक कारण आपल्या घरातही आहे. मुलीचे लग्न जमणार नाही, या भयाने आजार लपविला जातो, गोळ्या चोरून घेतल्या जातात. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ साली वगळण्यात आला, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

तज्ज्ञांकडे जाताना जुने सर्व एम.आर.आय., औषधांच्या मात्रांची टिपणे आणि शक्य झाल्यास झटक्याचे मोबाईलवरील चित्रण सोबत न्यावे. आता आपले प्रश्न घेतो.