डास-निर्मूलन आणि घरपट्टीचे बिल

(नगरपालिका व महानगरपालिका कामगारांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)

वेतन, महागाई भत्ता, कायम नेमणूक या प्रश्नांवर आपण नेहमीच बोलतो. पण हे सारे ज्या पैशातून मिळवायचे, तो पैसा पालिकेच्या तिजोरीत कुठून येतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. डास-निर्मूलनाचे काम करणाऱ्या कामगारांनी तरी तो केलाच पाहिजे. कारण या खात्याची आजची दुरवस्था आणि घरपट्टीची आजची अवस्था हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. डेंग्यूचा डास गटारात होत नाही. तो आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो : पिंपात, कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवर टाकलेल्या जुन्या टायरात. शहरातला हिवतापाचा डास इमारतीच्या टाकीत, विहिरीत आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंडे घातल्यापासून उडता डास होईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याला एकदा कुणीतरी दार ठोठावून आत गेले पाहिजे, शिडी चढून टाकीचे झाकण उघडले पाहिजे, पाण्यात अळी आहे का हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे. धुराची गाडी गल्लीतून फिरली की लोकांना समाधान वाटते आणि नगरसेवकाचा फोटोही निघतो. पण धुराने फक्त उडते डास मरतात. टाकीतली अळी तशीच राहते. खरे काम करतो तो शिडी घेऊन फिरणारा माणूस, आणि हे काम त्याला बाराही महिने करावे लागते.

हे ज्ञान नवे नाही. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला. १९११ साली बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाचा अहवाल दिला आणि शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवले. मालकाची जबाबदारीही कायद्यात आहे. डासांची पैदास होऊ देणाऱ्या मालकाला १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाखाली नोटीस देता येते, त्याच्यावर खटलाही भरता येतो. म्हणजे विज्ञान होते, कायदाही होता. कमी पडला तो पैसा, आणि पैशाअभावी माणसे.

देशाचा अनुभव काय सांगतो? स्वातंत्र्याच्या वेळी दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख लोक त्यात दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. पण १९७६ साली ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. याची कारणे अनेक होती. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, औषधाचा पुरवठा अपुरा पडला, रोग गेला असे समजून यंत्रणा सैल पडली. त्यातले एक कारण आपल्या विषयाचे आहे. निर्मूलन कार्यक्रमाचा सारा भर खेड्यांवर होता. शहरातल्या अळ्या मारण्याचे काम स्थानिक संस्थांनी आपापल्या पैशातून करावे, असे ठरले होते. संस्थांकडे पैसा नव्हता, आणि शहरे हिवतापाची आगरे बनली. म्हणून १९७१ च्या सुमारास नागरी हिवताप योजना आणावी लागली. तिच्यातही औषधाला केंद्राचे साहाय्य मिळाले, पण माणसांचा पगार राज्याच्या आणि स्थानिक संस्थेच्याच गळ्यात राहिला.

दिल्लीचे उदाहरण घ्या. १९९६ साली तिथे डेंग्यूची भयंकर साथ आली. दहा हजारांवर रुग्ण झाले, ४२३ माणसे मेली. त्यानंतर घरोघर जाऊन पाण्याची तपासणी करणारे कामगार हजारोंनी घेतले गेले. साथ ओसरली, पण काम संपले नाही. ते संपणारही नव्हते. तरीही या कामगारांना वर्षानुवर्षे कंत्राटावर ठेवले गेले. पदनाम मिळावे, कायम करावे, वेळेवर पगार मिळावा म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागले. साथ आली की माणसे भरायची आणि ती गेली की त्यांना ‘हंगामी’ म्हणायचे, ही सवय अनेक शहरांना आहे. जे काम बारमाही आहे त्याला बारमाही पैसा का मिळत नाही, हा आपला प्रश्न आहे.

आता घरपट्टीचे बिल हातात घ्या. मुंबईच्या बिलात सर्वसाधारण कर आहे, जल कर व जल लाभ कर आहे, मलनिःसारण कर व मलनिःसारण लाभ कर आहे, शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर आणि पथ कर आहे. झाडासाठी उपकर आहे, पण डासासाठी एकही ओळ नाही. हा खर्च सर्वसाधारण निधीतून होतो. आणि सर्वसाधारण निधीला कात्री लागते तेव्हा ज्या कामाचे उद्घाटन करता येत नाही त्याच्यावर ती आधी चालते.

हा निधीही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली आणि तिच्या जागी राज्य सरकारकडून येणारी भरपाई आली. पालिकेने स्वतः आकारायचे आणि स्वतः वसूल करायचे मोठे साधन उरले ते घरपट्टीचे. तीही भाड्यावर आधारलेली होती, आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली होती. त्यामुळे मोक्याच्या जागची जुनी मालमत्ता स्वस्तात सुटे आणि उपनगरातल्या नव्या छोट्या घरावर बोजा पडे. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी आली ती या विषमतेमुळे. पुढे २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली. कष्टकऱ्यांच्या घराला मिळालेल्या या सवलतीला आपला विरोध नाही. मात्र तिच्यामुळे घटलेले उत्पन्न वरच्या मालमत्तांकडून भरून काढले पाहिजे. ती तूट सफाई आणि फवारणी कामगारांच्या भरतीतून भरून काढता कामा नये, हे आपण ठामपणे सांगितले पाहिजे.

केंद्र सरकारच्या मालमत्तेचाही विचार करा. घटनेच्या २८५ व्या कलमाने ती करमुक्त आहे. पण डासाला कलम ठाऊक नसते. सरकारी वसाहतीत वा आवारात साचलेल्या पाण्यातला डास भिंत ओलांडून झोपडपट्टीत येतो. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर तोडगा निघाला, की केंद्राने कराऐवजी सेवाशुल्क द्यावे. सेवा किती घेतल्या त्यानुसार ते मालमत्ता कराच्या ७५ टक्के, ५० टक्के किंवा एक तृतीयांश असावे. आपल्या शहरात हे शुल्क मागितले जाते का? वसूल होते का? संघटनांनी ही माहिती मागवली पाहिजे.

डासांसाठी मालमत्तेवर वेगळी आकारणी करण्याचा प्रयोग कुठे झाला आहे का, असे कुणी विचारेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तो झाला आहे. १९१५ च्या कायद्याने तिथे केवळ डास-नियंत्रणासाठी स्वतंत्र स्थानिक संस्था उभ्या राहू लागल्या. त्यांना मालमत्ता करातून हिस्सा मिळे. १९७८ साली जनमताने मालमत्ता करावर मूल्याच्या एक टक्का अशी मर्यादा आली. तेव्हा अनेक संस्थांनी मालमत्तांवर वेगळी आकारणी सुरू केली. तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणून २००३ साली वेस्ट नाईल ताप त्या राज्यात पोचला, तेव्हा प्रशिक्षित माणसे आधीच कामावर होती. एवढे घेण्यासारखे आहे. न घेण्यासारखेही आहे. १९९६ च्या जनमतानंतर नव्या आकारणीला मालमत्ताधारकांची टपाली संमती लागते, आणि ज्याची आकारणी मोठी त्याच्या मताचे वजन मोठे. ज्याच्यावर आकारणी नाही त्या भाडेकरूला मतच नाही. सार्वजनिक आरोग्याचा निर्णय मालमत्तेच्या वजनाने व्हावा, हे आपल्याला मान्य होणार नाही. ताप भाडेकरूलाही येतो, आणि त्याची बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही.

साथींनो, इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. कामगार संघटनेने कर वाढवा म्हणायचे का? आपणही घरपट्टी भरतो, आपल्या शेजाऱ्यांनाही ती जड जाते. माझे उत्तर असे, की ‘कर नको’ एवढेच म्हणत राहिलो तर पालिकेजवळ पैसा नाही हे कारण आपणच प्रशासनाच्या हाती देतो, आणि त्या कारणाने कंत्राटदार आत येतो. म्हणून ‘कर कुणावर आणि कशासाठी’ हे बोलायला शिकले पाहिजे. समजा, दर दाराला शंभर रुपये असा सरसकट उपकर लावला, तर चाळीतली खोलीही शंभर देईल आणि बंगलाही शंभरच देईल. असा उपकर आपल्याला नको. आकारणी मूल्यावर हवी. लहान घरांची सवलत कायम हवी. मोठी बांधकामे, बंद पडलेल्या गिरण्या, रिकामी पडलेली आवारे, जिथे पाणी साचते आणि आत जाऊ दिले जात नाही, त्यांच्यावर दर चढा हवा.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील नागरी अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करण्याची आणि वसुली वाढवत नेण्याची अट घातली. म्हणजे घरपट्टीची चर्चा वरून सुरू झालेलीच आहे. ती आपल्याला वगळून होऊ नये.

म्हणून प्रत्येक शाखेने या मागण्या घेऊन जावे. एक, घरपट्टीच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा रोगवाहक कीटक-नियंत्रणासाठी वेगळ्या शीर्षाखाली ठेवावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करावा. दोन, त्या हिश्श्याचा पहिला खर्च कायम कामगारांच्या वेतनावर व्हावा. धुराच्या यंत्रांची खरेदी त्यानंतर. तीन, मोठ्या थकबाकीदारांची यादी जाहीर करावी. चार, केंद्रीय मालमत्तांचे सेवाशुल्क वसूल करावे. पाच, अळ्यानाशक हाताळणाऱ्या कामगारांना हातमोजे, मास्क आणि नियमित वैद्यकीय तपासणी मिळावी.

आणि एक काम आपले स्वतःचे. आपला कामगार आठवड्याला घराघरात जातो. नागरिकांशी इतका थेट संबंध पालिकेतल्या दुसऱ्या फार थोड्या नोकरांचा असेल. अळी दाखवताना त्याने हेही सांगावे, की ताई, मी पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला हवा असेन, तर माझी नेमणूक कायम असायला हवी, आणि तुमच्या बिलातला पैसा माझ्या कामापर्यंत पोचायला हवा. ज्या दिवशी हे त्या घराला पटेल, त्या दिवशी आपल्या मागणीमागे सारी वस्ती उभी राहील.