वाढत्या अंगाचा ट्रॉम्बोन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जून महिन्यात गणवेश घ्यायला गेलं की आपल्याकडचे आईवडील दुकानदाराला एक वाक्य हमखास सांगतात, 'जरा वाढत्या अंगाचा द्या.' शर्टाच्या बाह्या दुमडता येतात, पँटची पट्टी उसवता येते, दोन वर्षं निघतात. हिशेब चोख आहे. पण हाच हिशेब घेऊन काही पालक माझ्याकडे येतात तेव्हा मला त्यांना थांबवावं लागतं. कारण ते ट्रॉम्बोन घ्यायला निघालेले असतात आणि ट्रॉम्बोनची बाही दुमडता येत नाही.

मी पोलीस बँडमध्ये तीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवला. निवृत्त झाल्यापासून पुण्यात घरीच दहा-बारा मुलांना शिकवतो. काही मुलं बँडवाल्यांच्या घरातली आहेत, काही चर्चमध्ये वाजवणारी, तर काही शाळेच्या बँडमुळे आलेली. या सगळ्यांच्या घरी पहिला प्रश्न एकच असतो, वाद्य कुठलं घ्यायचं? चांगल्या नव्या वाद्याला साध्या घरातले कित्येक महिन्यांचे पगार लागतात. म्हणजे एकदा चुकलं की दुसऱ्यांदा घेणं होत नाही, आणि मुलाचं वाजवणं तिथेच थांबतं.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लष्करी बँडच्या संचलनात पहिल्या रांगेत काही जणांचे हात एकाच वेळी पुढे-मागे होताना दिसतात, ते ट्रॉम्बोनवाले. त्यांना पुढे ठेवण्यात शोभा आहे तशी सोयही आहे. मागच्या रांगेत असते तर त्यांची स्लाइड पुढच्या माणसाच्या पाठीत बसली असती! स्लाइड म्हणजे पुढे-मागे सरकणारी नळी. आतल्या दोन नळ्यांवरून बाहेरच्या दोन नळ्या सरकतात आणि वाद्याची लांबी कमी-जास्त होते. नेहमीचा टेनर ट्रॉम्बोन उलगडून सरळ केला तर सुमारे नऊ फूट भरेल.

स्लाइड पूर्ण आत घेतली की ती पहिली जागा. तिथे हात अजिबात न हलवता, नुसते ओठ आवळत नेले, की सा, पंचम, वरचा सा, गंधार, त्याच्यावरचा पंचम असे स्वर क्रमाने निघतात. तंबोरा चांगला लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, त्याच घराण्यातला हा गंधार. आता वरच्या सा वर ओठ कायम ठेवून स्लाइड एकेक जागा बाहेर न्या. शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम आणि शेवटी सातव्या जागेला तीव्र मध्यम. मध्ये न थांबता सरकवली तर सा पासून तीव्र मध्यमापर्यंत सलग मींड. इतकी सरळ मींड देणारं दुसरं फुंकवाद्य बँडमध्ये नाही. मात्र या सात जागांवर कसल्याही खुणा नसतात. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. इथे व्हायोलिनसारखं कानाने शोधायचं आणि हाताने लक्षात ठेवायचं.

म्हणून लहान मुलासाठी ट्रॉम्बोन निवडताना दोनच गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या. मुलाचा हात आणि वाद्याची स्लाइड. बाकीचं नंतर.

हात आधी घेऊ. सातवी जागा पहिलीपासून जवळपास दोन फुटांवर असते. मोठ्या माणसालाही तिथे कोपर पूर्ण सरळ करावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाचा हात बहुधा पाचव्या जागेपाशी संपतो. मग मूल खांदा पुढे ढकलतं, मान वाकडी करतं, माउथपीस ओठांवरून घसरतो आणि स्वर फाटतो. घरचे म्हणतात, 'सूर लागत नाही.' सूर कसा लागेल? म्हणून मी मुलाला भिंतीशी ताठ उभं करतो, वाद्य हातात देतो आणि स्लाइड कुठपर्यंत जाते ते पाहतो. सहाव्या जागेच्या आसपास पोचत असेल तर साधा टेनर चालतो. साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत बहुतेकांचं तिथवर जमतं. पुढचे पक्के दात नीट आले आहेत की नाही, तेही बघावं.

त्याहून लहान असेल तर काय? माझं उत्तर अनेकांना आवडत नाही. मी म्हणतो, आधी एकदीड वर्ष युफोनियम वाजवू दे. त्याची नळीही तेवढीच लांब, माउथपीस जवळपास तोच, फुंकही तशीच; फक्त हात लांबवायच्या ऐवजी कळा दाबायच्या. शिवाय ते आपल्याकडच्या बँडमध्ये सहज मिळतं. अलीकडे प्लॅस्टिकचे ट्रॉम्बोन आले आहेत. वजन एक किलोच्याही आत. त्यांना खेळणं म्हणून हसणारे वादक मी पाहिले आहेत, पण सुरुवातीच्या मुलाला ते वाईट नाहीत. पडले तरी पितळेसारखा पोचा येत नाही. लहान आकाराचा आल्टो ट्रॉम्बोनही मिळतो. तो हाताला बसतो, पण त्याची पट्टी वेगळी, त्यामुळे टेनरवर आल्यावर सगळ्या जागा नव्याने शिकाव्या लागतात. मला तो खटाटोप पटत नाही.

आता दुकानात काय होतं ते सांगतो. दुकानदार मागच्या बाजूला नळीचं वेटोळं असलेला एक भारदस्त ट्रॉम्बोन काढतो आणि म्हणतो, 'हा प्रोफेशनल आहे, आयुष्यभर बदलायला नको.' वाढत्या अंगाचा हिशेब इथे पक्का होतो. त्या वेटोळ्याचा उपयोग खरा आहे. डाव्या अंगठ्याखालची कळ दाबली की तीनएक फूट जास्तीची नळी जोडली जाते आणि नऊ फुटांचं वाद्य बारा फुटांचं होतं. खालचा पंचम एरवी सहाव्या जागेला मिळतो, तो कळ दाबून पहिल्याच जागेला मिळतो. म्हणजे हात आखूड असलेल्या मुलाची सोयच झाली, नाही का? कागदावर झाली. पण ट्रॉम्बोनचं सगळं वजन डाव्या हातावर असतं. उजवा हात स्लाइडसाठी मोकळा ठेवायचा असतो. वेटोळ्याचं वजन त्या डाव्या मनगटावर वाढतं. वीस मिनिटांनी मूल वाद्य खाली झुकवतं, मग मान खाली जाते आणि श्वास कोंडतो. तेराएक वर्षांच्या आत मी हे वाद्य सहसा कुणाला घेऊ देत नाही.

तीच गोष्ट नळीच्या आतल्या व्यासाची. शिकाऊ ट्रॉम्बोनचा व्यास साधारण १२.७ मिलिमीटर असतो, सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या ट्रॉम्बोनचा १३.९. फरक सव्वा मिलिमीटरही नाही. पण लहान छातीला तो फरक जिना आणि घाट यांच्यातल्या फरकाएवढा जाणवतो. मोठ्या नळीला मोठी फुंक लागते. ती नसली की आवाज पोकळ येतो, आणि मूल बिचारं जोर काढायला ओठ माउथपीसवर दाबत राहतं. ही सवय नंतर मोडता मोडत नाही. आणखी एक, मोठ्या वाद्याच्या माउथपीसची दांडीही जाड असते, ती लहान वाद्यात बसत नाही. सुटा माउथपीस घेताना हे विचारून घ्यावं.

स्लाइडबद्दल मात्र मला सविस्तर सांगू द्या. आतली आणि बाहेरची नळी यांच्यात केसाएवढीच फट असते. चारही नळ्या एकमेकींना तंतोतंत समांतर हव्यात. त्यात जरा फरक पडला की स्लाइड अडखळते. आता विचार करा, मूल तिसऱ्या जागेकडे जायला निघालं आहे, कानात कोमल निषाद तयार आहे, आणि स्लाइड मध्येच अटकून एकदम पुढे सुटली. स्वर उतरला. मुलाला वाटतं आपलं चुकलं. गुरुजींनाही तसंच वाटतं. असं शंभर वेळा झालं की मूल स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडून देतं.

एका बँडवाल्याचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा आधीच्या ठिकाणी त्याला 'बेसूर' ठरवून झालं होतं. वडिलांनी एका दुकानातून नवाकोरा, आरशासारखा चकचकीत ट्रॉम्बोन घेतला होता. मी मुलाला गायला सांगितलं. सरगम सुरेल! मग त्याच्या हातात माझं वाद्य दिलं. पंधरा मिनिटांत सात जागांपैकी चार बरोबर लागल्या. वडील काही बोलले नाहीत, फक्त ते नवं वाद्य पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावलं. ते दुकानाने परत घेतलं नाही. मुलगा वर्षभर माझ्या जुन्या वाद्यावर शिकला.

पारख तशी अवघड नाही. पालकांनाही करता येते. आधी स्लाइड पुसून, थोडं क्रीम आणि पाणी लावून, डोळे मिटून दोन बोटांनी हळूहळू सरकवा. खरखर ऐकू येते का, कुठे जड जाते का, बघा. मग बाहेरची नळी पूर्ण काढा (मांडीवर धरून, जमिनीवर नव्हे) आणि तिची एकच बाजू आतल्या एका नळीवर चढवून सरकवा. नंतर दुसरी. एकेकटी सुरळीत चालते आणि जोडीने अडते, असं असेल तर नळ्या समांतर नाहीत. बाहेरच्या नळीवर बारीकसा पोचा असला तरी तो बोटाने चाचपून पाहा. बेलवरचा पोचा दिसायला वाईट असतो, त्याने फारसं बिघडत नाही; स्लाइडवरचा दिसत नाही आणि घात करतो. आतल्या नळीचा क्रोमचा मुलामा उडालेला दिसला तर वाद्य कितीही स्वस्त असो, नमस्कार करून बाहेर पडावं. शेवटी बेल वेगळी करून एका टोकाला अंगठा लावा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. हवा निसटता कामा नये.

या कसोटीला उतरलेलं वापरलेलं वाद्य मी नव्यापेक्षा केव्हाही पसंत करतो. लाखेचा थर उडालेला, बेलवर डाग पडलेला, पण स्लाइड लोण्यासारखी. मुलांना ते आवडत नाही. त्यांना चकाकी हवी असते. ते समजू शकतो.

गेल्या वर्षी एका घरात मात्र पेच वेगळाच होता. मुलगी अकरा वर्षांची. आजोबा लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवत होते. ते गेले, वाद्य खुंटीवर राहिलं. आजीची इच्छा, नातीने तेच वाजवावं. मी पाहिलं तर आतल्या नळ्या झिजून पितळ दिसत होतं, बाहेरच्या एका नळीला मोठा पोचा. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं, पोचा काढून देईन, झिजलेलं परत आणता येणार नाही. आजी मला म्हणाल्या, "अहो, त्यांनी सगळा संसार याच्यावर केला, आणि पोरीला चालत नाही म्हणता?" मी म्हटलं, "वहिनी, कुठे अडतं ते त्यांच्या हाताला पाठ होतं. ते वाद्याबरोबर झिजले. हिला पहिल्या दिवसापासून ते अडणंच शिकावं लागेल." त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग आत जाऊन चहा घेऊन आल्या.

दोन महिने शोधून लहान नळीचा, कळ नसलेला, वापरलेला ट्रॉम्बोन मिळाला. आजोबांचा माउथपीस तेवढा त्यात बसला. उघडं पितळ ओठांना बाधतं, म्हणून देवाच्या उपकरण्यांना चांदीचा मुलामा देणाऱ्या एका कारागिराकडून तो चढवून घेतला. आजींनी एक जिन्नस मात्र माझ्या हातून काढून टाकवली. आजोबांची खोबरेल तेलाची बाटली, तीच ते स्लाइडला लावत. पुण्यात जानेवारीच्या सकाळी खोबरेल थिजतं, आणि ते नळीत थिजलं तर स्लाइड जागची हलत नाही. आजोबा म्हणे शेकोटीजवळ बसून वाद्य गरम करायचे आणि मग वरातीला निघायचे.

मुलगी आता सहा स्वर नीट लावते. वरच्या सा वरून कोमल धैवतापर्यंतची मींड तिला भारी आवडते, सारखी तीच वाजवत बसते, शेजारी वैतागतात. पंचमाच्या सहाव्या जागेला तिचा हात अजून चार बोटं कमी पडतो. दिवाळीनंतर पुन्हा भिंतीशी उभं करून बघू.