जळालेल्या अणुइंधनाचा ताळा

अणुभट्टींतून काढलेल्या इंधनाच्या नळ्या वर्षानुवर्षें पाण्याच्या खोल हौदांत ठेवाव्या लागतात. त्या नळ्यांत आतां कोणतें द्रव्य किती उरलें आहे, हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा नव्हे. नळ्यांच्या जुड्या एकमेकींपासून किती अंतरावर ठेवाव्या, त्या वाहून नेणाऱ्या पेटीच्या भिंती किती जाड असाव्या, हें सारें त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें.

प्रत्येक नळी फोडून पाहणें शक्य नाहीं. तिच्याजवळ आडोशावांचून उभें राहणेंही प्राणघातक. म्हणून हा हिशेब संगणकाकडे सोंपविलेला आहे. भट्टींत युरेनियम-२३५ भंगतें, युरेनियम-२३८ न्यूट्रॉन गिळून अखेर प्लुटोनियम-२३९ होतें, आणि भंगलेल्या तुकड्यांपासून शेंकडों नवीं द्रव्यें जन्मतात. अशा क्षयमालिकेचीं समीकरणें हॅरी बेटमन यानें १९१० सालींच सोडविलीं होतीं. संगणक त्यांत न्यूट्रॉनांच्या माऱ्याची भर घालून जमाखर्च मांडतो.

परंतु हिशेब कितीही नेटका असला, तरी ताळा पाहिजेच. जपानांतील ताकाहामा येथील तिसऱ्या अणुभट्टींत १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत जळलेल्या तीन नळ्यांतून सोळा नमुने काढण्यांत आले, ते याचसाठीं. असे नमुने जाड भिंतीआड यांत्रिक हातांनीं नायट्रिक आम्लांत विरघळवितात, आणि त्यांत तपासावयाच्या मूलद्रव्याचा निराळा समस्थानिक मोजून मिसळतात. कणगींतील ज्वारींत मूठभर रंगविलेले दाणे मोजून कालवावे, आणि मग एका ओंजळींतील दोहोंच्या प्रमाणावरून सारी कणगी अजमावावी, तशीच ही युक्ति.

मात्र ताळ्यांतही फसगत संभवते. इंधन किती जळलें, हें बहुधा निओडिमियम-१४८ च्या मापावरून ठरवितात. तोच आंकडा हिशेबांत घातला, तर त्या द्रव्याचा मेळ बसणारच. ती गणिताची कसोटी नव्हे. दुसरी फसगत काळाची. प्लुटोनियम-२४१ सुमारें १४ वर्षांत निम्में उरतें व बाकीच्याचें अमेरिसियम-२४१ बनतें. म्हणून भाकीत आणि मापन एकाच तारखेचें धरावें लागतें.

युरेनियम व प्लुटोनियम यांच्या मुख्य समस्थानिकांचा मेळ बहुधा थोड्या टक्क्यांच्या फरकानें बसतो. रुथेनियम-१०६ सारख्या द्रव्यांत तफावत मोठी निघूं शकते. पण तें आम्लांत पुरतें विरघळत नाहीं, तेव्हां सारा दोष गणिताच्या माथीं मारतां येत नाहीं. एका प्रयोगशाळेच्या मापावर विसंबूं नये, म्हणून अनेक देशांच्या भट्ट्यांतील मापनें एकत्र केलेलीं आहेत. हा संग्रह जपानांत सुरू झाला, पुढें ओ. ई. सी. डी.च्या अणुशक्ति संस्थेनें तो वाढवून २०१७ सालीं नव्या रूपांत प्रसिद्ध केला.

संगणकानें युरेनियम-२३५ खऱ्याहून कमी उरलें असें सांगितलें, आणि त्या भरंवशावर जुड्या दाटीनें ठेवल्या, तर शृंखलाक्रियेचा धोका वाढेल. म्हणून दिसून आलेली तफावत सुरक्षिततेच्या बाजूनें धरूनच अंतर ठरवावें लागतें. येणें कमी व देणें जास्त धरणारा व्यापारी सहसा बुडत नाहीं. अणुइंधनाच्या हिशेबालाही तोच व्यवहार लागू आहे.