सात घरांचं एक अंगण
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित अंश)



पुनर्विकासाच्या सभेत पहिला प्रश्न ठरलेला: कार्पेट किती वाढवून देणार? दुसरा: कॉर्पस किती? बसण्याउठण्याच्या जागेचा मुद्दा ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयां’त जातो आणि तोवर चहा आलेला असतो.

म्हणून आज नवी मुंबईतल्या बेलापूरबद्दल बोलतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात तिथे सिडकोसाठी आर्टिस्ट व्हिलेज उभारलं. सात घरांत मिळून एक अंगण, साधारण आठ मीटर लांब-रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये बारा मीटरचं अंगण. आठ मीटरच्या अंगणात पोर पडलं तर स्वयंपाकघरात ऐकू येतं. सातच घरं असल्यामुळे ते कोणाचं, हेही विचारावं लागत नाही.

दुसरी गंमत भिंतींची. शेजाऱ्याशी सामायिक भिंत ठेवली नाही, म्हणजे खोली वाढवायला शेजाऱ्याच्या भिंतीला हात लावायला नको. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. उत्पन्नं कमी-जास्त, जागेतला फरक मात्र दुपटीच्या आत. आज तिथली कित्येक कौलारू घरं जाऊन मजल्यांवर मजले चढले आहेत. जाणकार हळहळतात. शेजाऱ्याचा उजेड अडतो तिथे ती हळहळ रास्तच आहे. पण घर कुटुंबाबरोबर वाढावं हाच तर मूळ बेत होता!

आपल्या बीडीडी चाळींत याच्या उलट. मधला कॉरिडॉर सगळ्यांचा, पण १६० चौरस फुटांची खोली वाढणार कुठे? माणसं पोटमाळे काढत राहिली. चाळीचे गोडवे गाताना संडासापुढची रांगही आठवावी.

आणि आजचा टॉवर? क्लबहाउस शेकडो कुटुंबांचं, म्हणून कोणाचंच नाही. तिथे नियमांची पाटी तेवढी ठळक. मिवान पद्धतीत तर भिंतीही ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या, इमारतीचा भार पेलणाऱ्या. मुलाचं लग्न झालं, आई अंथरुणाला खिळली, तरी भिंत जागची हलवता येत नाही. खांब-तुळयांच्या सांगाड्यात विटांची भिंत असेल, तर इंजिनिअरला विचारून काढता येते.

उंच इमारतीत बेलापूरचं अंगण जसंच्या तसं येणार नाही, हे मान्य. पण एका मजल्यावर सहा-सात घरं असतातच. लिफ्टसमोरची जागा थोडी रुंद केली, तिला एका बाजूने उजेड-वारा दिला, चार माणसं टेकतील असा कट्टा बांधला, तर त्या मजल्याला अंगण मिळतं. त्यासाठी प्रत्येक घरातून थोडं कार्पेट सोडावं लागेल. तो सौदा तोट्याचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा मंडळी, करारावर सही करण्याआधी बिल्डरला दोन प्रश्न विचारा: यातल्या कोणत्या भिंती उद्या काढता येतील? आणि एका सामायिक जागेत किती घरांचा वाटा? उत्तरं तोंडी घेऊ नका, नकाशावर लिहून घ्या.