स्मारक आणि सेवेचे ऋण



दिवंगतांच्या नावे देवस्थानात कायम ठेव ठेवावी आणि तिच्या व्याजातून ठरल्या तिथीस अभिषेक वा नैवेद्य व्हावा, ही रीत महाजन कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. ठेवीचे व्याज कार्यास लागते आणि त्या निमित्ताने नाव घेतले जाते. याच मार्गाने अमेरिकेने आपल्या एका दिवंगत राष्ट्राध्यक्षाचे स्मारक उभारले. लोकसेवेस आयुष्य वाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेली हॅरी एस. ट्रूमन शिष्यवृत्ती हे ते स्मारक होय.

ट्रूमन यांचा जन्म १८८४ साली मिसूरी राज्यातील लामार या गावी झाला. १९०१ साली त्यांचे शालेय शिक्षण संपले आणि घरची स्थिती खालावल्यामुळे महाविद्यालयाची वाट खुंटली. रेल्वेच्या बांधकामावर मजुरांची हजेरी मांडणे, बँकेतील कारकुनी आणि पुढे कित्येक वर्षे कुटुंबाची शेती, असा त्यांचा प्रपंच चालला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्याचे कप्तान होते. युद्धानंतर भागीदारीत काढलेले कपड्यांचे दुकान बुडाले, तेव्हा त्याचे देणे ते अनेक वर्षे फेडीत राहिले. कायद्याचे रात्रीचे वर्ग त्यांनी सुरू केले, परंतु तेही अपुरे राहिले. असा हा गृहस्थ १९४५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. महाविद्यालयाची पदवी नसलेला त्यांच्यानंतर दुसरा कोणी त्या पदावर आलेला नाही.

२६ डिसेंबर १९७२ रोजी ट्रूमन निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ अमेरिकन काँग्रेसने केलेला कायदा जानेवारी १९७५ मध्ये अमलात आला. दगडाविटांच्या वास्तूपेक्षा जिवंत स्मारक असावे, हा त्यामागील विचार. सरकारने तीन कोटी डॉलरचा निधी दिला. तो सरकारी रोख्यांत गुंतवून त्याच्या उत्पन्नावर हे कार्य चालावे, अशी योजना ठरली. शिष्यवृत्तीधारकांची पहिली तुकडी १९७७ साली निवडली गेली. तिच्यातील जॅनेट नापोलितानो या पुढे ॲरिझोना राज्याच्या गव्हर्नर आणि त्यानंतर केंद्रातील मंत्री झाल्या. ज्याला स्वतःला दारिद्र्यामुळे महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडता आला नाही, त्याच्या नावाने इतरांसाठी ते दार उघडावे, याहून समर्पक स्मारक कोणते असू शकेल?

या शिष्यवृत्तीची निवडपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटून दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याचे नाव त्याच्या महाविद्यालयानेच सुचवावे लागते. केवळ गुणपत्रिका पुरेशी होत नाही. समाजकार्याचा पूर्वानुभव आणि नेतृत्वाची चुणूक पाहिली जाते, एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर उपायाचे टिपण मागितले जाते आणि शेवटी मुलाखत होते. पात्र उमेदवार असल्यास प्रत्येक राज्याला किमान एक स्थान मिळावे, अशीही तरतूद आहे. त्यामुळे दूरच्या लहान राज्यातील मुलासही आशा राहते.

मात्र या सर्वांहून मोलाची आहे ती सेवेची अट. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झाल्यावर पहिल्या सात वर्षांपैकी तीन वर्षे विद्यार्थ्याने लोकसेवेत घालवावयाची असतात. ती सेवा सरकारी खात्यात, शाळेत वा लोकोपयोगी संस्थेत असू शकते. अट मोडणाऱ्यास रक्कम सव्याज परत करावी लागते. दान घेणारा येथे याचक राहत नाही, ऋणको होतो, आणि ते ऋण त्याने समाजाला सेवेच्या रूपाने फेडावयाचे असते.

परंतु करार एकाच पक्षाला बांधतो काय? या प्रश्नाचे उत्तर बडोद्याच्या इतिहासात आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. १९१७ साली तो पाळण्यासाठी आंबेडकर बडोद्यास गेले. शहरात त्यांना राहावयास घर मिळेना. नाव बदलून ज्या धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अकराच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. पैसा संस्थानाने दिला होता आणि विद्यार्थ्यानेही शब्द पाळला होता. शब्द मोडला तो समाजाने. राजाच्या दूरदृष्टीचे फळ नगराच्या संकुचित वृत्तीने गमावले.

म्हणून एखाद्या कुटुंबास आपल्या दिवंगताच्या नावे अशी ठेव ठेवावयाची झाल्यास तीन गोष्टी प्रथम लेखी कराव्यात. मुद्दलास हात लागू नये. निवड गोत्र वा नाते पाहून न होता योग्यता आणि गरज पाहून व्हावी. शिकलेल्याने काही वर्षे शाळा, दवाखाना, पंचायत वा मामलेदार कचेरी अशा ठिकाणी लोकांचे काम करावे. चौथी गोष्ट कागदावर लिहून भागत नाही. शिकून परतलेला मुलगा वा मुलगी कोणत्याही घरची असो, तिला राहावयास घर, बसावयास खुर्ची आणि काम करण्यास मोकळीक गावाने दिली पाहिजे. तेवढे घडले तर ठेवीवरील नाव ज्या माणसाचे, त्याची आठवण कचेरीच्या खिडकीपाशी काम होऊन समाधानाने परतणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या रूपाने जिवंत राहील.