पाते पाजवायचे की बदलायचे?

(कोलकाता येथील कामगार शिबिरातील भाषण)



आज सकाळी आम्ही निमतल्याच्या लाकडाच्या वखारींवरून आलो. करवत धारेवर आहे की बोथट, हे जुना कामगार नुसत्या आवाजावरून सांगतो. नदीपलीकडचे लिलुआ असो की आपले माटुंगा, डब्यांच्या कारखान्यातील सुतारांना एक प्रश्न ओळखीचा आहे: पाते पाजवायचे की बदलायचे?

वरिष्ठ म्हणतात, काटकसर करा, पाजवा. आपल्यातले काही म्हणतात, नवेच द्या. आमच्या मते पात्याची जात पाहून ठरवावे. रंधा यंत्राची हायस्पीड पोलादाची पाती पुन्हा पुन्हा पाजवता येतात. मात्र सगळी एकदम आणि एका मापाने, नाहीतर यंत्र थरथरते. गोल करवतीच्या कार्बाइडच्या दात्यांनाही अनेकदा धार लावता येते, पण त्याला डायमंडचे चाक लागते. पात्याला तडा गेला, की ते भंगारातच टाकावे. जिगसॉच्या लहान पात्याला पाजवण्याची मजुरीच जास्त पडते, ते बदलावे.

बोथट पाते लाकूड जाळते, मोटर तापवते आणि कामगाराला जोर करायला लावते. जोर केलेला हात घसरला की कुठे जातो, हे सांगायला नको. आमच्या माहितीतील एका कारखान्यात पात्यांचे इंडेंट महिनोन्‌महिने पडून होते. एका सुताराची दोन बोटे गेली. चौकशीत शेरा पडला, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. इंडेंटची तारीख कोणी पाहिली नाही.

कारखाना कायद्यात १९८७ साली घातलेल्या ७-अ कलमाने यंत्रे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली. २०२० च्या सुरक्षा संहितेतही कामाची जागा निर्धोक ठेवणे हे मालकाचेच कर्तव्य आहे.

टपालातील मित्रांनी हा फक्त सुतारांचा प्रश्न समजू नये. झिजलेल्या शिक्क्याचा ठसा पुसट उठला की बोल कर्मचाऱ्यालाच लागतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक यंत्राला पात्यांचे दोन संच हवेत. एक यंत्रावर, एक धारेला. पाते कधी उतरवायचे, हे यंत्रावरच्या कामगाराने ठरवावे. वीज तोडल्याशिवाय पात्याला हात लावू नये. धार लावल्याची आणि नवे मागितल्याची तारीख वहीत लिहावी. ती वही आपापल्या शाखेत उद्याच सुरू करा. पुढच्या चौकशीत तीच आपली साक्षीदार असेल.