शाळेच्या सभेत आपली जागा

बारामतीतील माळेगाव व सोमेश्वर, इंदापुरातील भवानीनगर येथील कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोड कुटुंबांबरोबर गावची शाळा अर्ध्यावर सोडलेली मुलेही येतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये दाखल्यावाचून त्यांचा प्रवेश अडविता येत नाही. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. पण आपल्यापैकी कितीजण तेथे केवळ सहीपुरते जातात! सभेत विचारा : आठवीच्या मुलीस मजुरीचा हिशेब मांडता येतो काय? मुकादमाचा उचलीचा कागद वाचता येतो काय? तोडीवरील किती मुले आज पटावर आहेत? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.